रॅकवर चपला नव्हत्या

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी फरशीवर एक जाड लाल पट्टा ओढलेला असतो. बाहेरचे बूट-सँडल पट्ट्याच्या अलीकडे सोडायचे, पलीकडच्या रॅकवरच्या रबरी चपला पायात सरकवायच्या आणि मगच आत जायचं. डॉ. सुचेताच्या चपला निळ्या होत्या. टाचेवर काळ्या मार्करनं ठळक नाव घातलेलं, कारण बिननावाची चप्पल त्या हॉस्पिटलात दुपारपर्यंत कुणाच्या पायात जाईल ते सांगता येत नसे. माणसाचं पोट उघडून नीट परत शिवणारे सर्जन, पण स्वतःची चप्पल ओळखतील तर शपथ.

सुचेता भूल देणारी डॉक्टर. हाताखाली भूलशास्त्र शिकणारी मुलं-मुली असत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे तिचं अर्धं काम होतं. त्या कामाची तिची एक पद्धत होती. ती शिकणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहत नसे. थिएटर आणि हात धुवायची खोली यांच्यामधल्या दाराला एक गोल काच होती. त्या काचेमागे अंधारात ती उभी राहायची. आतल्या झगझगीत दिव्यांमुळे आतल्यांना पलीकडचं काही दिसत नसे, तिला मात्र सगळं दिसे. काही चुकतंय असं वाटलं की ती किल्लीनं काच वाजवायची. काच वाजली नाही म्हणजे ठीक चाललंय. ही विद्या तिला हुबळीच्या तिच्या सरांनी दिली होती. ‘‘पोराला वाटलं पाहिजे की आपण नाही,’’ सर म्हणायचे, ‘‘पण आपण असलं पाहिजे.’’ मुलं तिला पाठीमागे ‘खिडकीतली आत्या’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण ती काचेमागे आहे की नाही, हे शिकणाऱ्याला कळावं कसं? त्यावरही तिनंच तोड काढली होती. ‘‘रॅकवर बघायचं. माझ्या चपला तिथे असल्या तर मी बाहेर आहे, पेशंटला हात लावायचा नाही. नसल्या तर मी आत आहे. सुरू कर. सारखी हाक मारायची नाही.’’ दोन वर्षं हा नियम बिनबोभाट चालला. चाललेल्या नियमाकडे कुणी वळून बघत नाही, तीही बघत नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी दुसऱ्या नंबरला आप्पाजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. जयनगरात फुलांचं दुकान असलेला चोपन्न वर्षांचा माणूस, मान आखूड आणि जाड, छातीपर्यंत दाढी. सुचेतानं सकाळी वॉर्डात त्यांना तोंड उघडायला सांगितलं तेव्हा जेमतेम दोन बोटं जातील एवढंच उघडलं. दाढी काढाल का, असं विचारल्यावर आप्पाजी हसले. ‘‘नवस आहे डॉक्टर, मुलीचं लग्न होईपर्यंत.’’ मुलगी शेजारीच उभी होती, ती लाजली. सुचेताही हसली, पण मनात तिनं खूणगाठ बांधली की याच्या वेळी काचेमागे नाही, हाताखाली शिकणाऱ्या मुग्धाच्या शेजारी उभं राहायचं. अशा माणसाच्या घशात नळी घालणं अवघड, आणि दाढीमुळे तोंडावर मास्कही घट्ट बसत नाही. ही खूणगाठ तिनं मुग्धाला सांगितली नाही. वेळेवर सांगू, म्हणाली.

मुग्धा पुण्याची, तिसऱ्या वर्षाला. हुशार, हात हलका, पण घाबरट. दर दोन मिनिटांनी ‘‘मॅडम, बरोबर आहे ना?’’ आठवड्यापूर्वीच सुचेतानं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. ‘‘फायनल इयरला आलीस, अजून माझ्या तोंडाकडे काय बघतेस? सहा महिन्यांनी होसकोट्याच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये एकटी असशील. तेव्हा काय मला फोन लावणार?’’ मुग्धाचे डोळे मास्कच्या वर भरून आले होते. तेव्हापासून तिनं विचारणं बंद केलं होतं आणि सुचेताला वाटलं, चला, मात्रा लागू पडली.

आप्पाजींना टेबलावर घ्यायला अर्धा तास होता. तेवढ्यात तिच्याच विभागातले, भूल देणारे डॉ. श्रीरंग घाईघाईनं आले. त्यांच्याकडे एमआरआयसाठी एक चार वर्षांचा मुलगा होता, वेदांत. झटके येत होते म्हणून डोक्याचा एमआरआय. एवढं लहान पोर त्या बोगद्यात स्वस्थ पडून राहायचं नाही, म्हणून भूल द्यायची होती. आणि इकडे श्रीरंगना सिझेरियनला बोलावणं आलं होतं. ‘‘सुचेता, वीस मिनिटांचं काम आहे. खाली तळमजल्यावर. प्लीज.’’

ती निघाली. मुग्धा तेव्हा वॉर्डात होती, तिला निरोप द्यायचा राहून गेला. वेदांतच्या हातात सलाइनची सुई थिएटरच्या आतल्या खोलीतच टोचून झाली होती. त्याची आई श्वेता त्याला कडेवर घेऊन उभी होती, पाय अनवाणी. तिचे सँडल वॉर्डाकडच्या दाराशी राहिले होते आणि फरशी नुकतीच फिनेलनं पुसलेली, ओली. पोर रडत होतं, आईही रडत होती. लाल पट्ट्याशी येऊन सुचेतानं आपले बाहेरचे बूट घातले आणि निळ्या चपला रॅकवर ठेवायच्या त्या श्वेताच्या पायापुढे सारल्या. ‘‘घाला हो. घसरून पडाल नाहीतर.’’

कुणीही हेच केलं असतं.

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून मोबाइल, घड्याळ, किल्ल्या सगळं बाहेरच्या लॉकरमध्ये गेलं. वेदांत झोपला. त्याला बोगद्यात सरकवलं आणि सुचेता काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये येऊन बसली. समोर मुलाचा श्वास, नाडी, ऑक्सिजन दाखवणारा पडदा. शेजारी टेक्निशियन महांतेश, निपाणीचा, मराठी-कानडी दोन्ही अस्खलित. यंत्र ढबाढबा वाजायला लागलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर श्वेता पाय जवळ घेऊन बसली होती.

दहा मिनिटं गेली. सुचेतानं सहज मान वळवली तर श्वेताच्या पायातल्या चपलेवर तिला आपलं नाव दिसलं.

क्षणभर तिला फक्त ओळख पटली. मग अर्थ कळला. चपला इथे आहेत, म्हणजे वर रॅक रिकामा आहे. रॅक रिकामा आहे, म्हणजे मुग्धाच्या हिशेबी मॅडम आत आहेत. आत आहेत म्हणजे, सुरू कर. हाक मारू नकोस.

‘‘महांतेश, किती वाजले?’’

‘‘अकरा दहा, अक्का.’’

आप्पाजी अकराला टेबलावर जायचे होते.

तिनं भिंतीवरचा फोन ओढला आणि थिएटरचा नंबर फिरवला. वाजत राहिला. पुन्हा फिरवला. सातव्या घंटेला अनुसूया सिस्टरनं उचलला.

‘‘सिस्टर, मी सुचेता. आप्पाजींना भूल दिली का? मुग्धाला सांगा थांब...’’

‘‘मॅडम, स्वल्प, जरा थांबा...’’ एवढंच अनुसूया म्हणाली. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज झाला आणि तिची पावलं पळत लांब गेली.

फोन चालूच होता. सुचेताच्या कानात आता थिएटर ऐकू येत होतं. धातूचा खणखणाट झाला. कुणीतरी ‘‘सक्शन, सक्शन’’ म्हणालं. आणि या सगळ्याच्या मागे आप्पाजींच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा टिक, टिक, टिक. प्रत्येक ठोक्याला एक. भूल देणाऱ्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. रक्तातला ऑक्सिजन भरपूर असला की सूर उंच लागतो. ऑक्सिजन घसरला की सूरही एकेक पायरी खाली उतरतो. पडद्याकडे बघायची गरजच नसते.

सूर खाली उतरत होता.

‘‘सिस्टर!’’ सुचेता ओरडली. ‘‘मुग्धा! कोण आहे तिथे? फोन घ्या!’’ टेबलावर पालथ्या पडलेल्या रिसीव्हरमध्ये ओरडून कुणाला ऐकू जाणार! तिला न बघता सगळं दिसत होतं. औषध गेलंय, आता आप्पाजी स्वतःहून श्वास घेणार नाहीत. मुग्धानं जीभ उचलून धरणारं ब्लेड तोंडात सारून नळी घालायला बघितलं असणार आणि आत काही दिसलं नसणार. दाढीतून मास्कची हवा निसटत असणार. अशा वेळी नवशिका माणूस हटकून एक चूक करतो. नळी गेली नाही की पुन्हा घालतो, मग पुन्हा. घसा सुजतो, रक्त येतं, आणि मग मास्कनंही हवा जाईनाशी होते. तिथून पुढे तीन-चार मिनिटांचा खेळ.

पळत वर जायला दीड मिनिट लागलं असतं.

तिनं दाराकडे एक पाऊल टाकलंही. मग काचेपलीकडे बघितलं. बोगद्यातून वेदांतची दोन छोटी पावलं बाहेर आली होती, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. त्यालाही तिनंच झोपवलं होतं. तिच्याशिवाय त्या मजल्यावर त्याचा श्वास सांभाळणारं कुणी नव्हतं. आपण झोपवलेला जीव टाकून उठायचं नाही, हा या धंद्याचा पहिला धडा, आणि तो तिनं स्वतः कित्येकांना घोकून घेतला होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेल्या.

‘‘महांतेश, यंत्र आपोआप चालतंय ना? पळ. वर पळ. श्रीरंग सरांना बाहेर काढ, कुणालाही काढ. मुग्धाला सांग, तिसऱ्यांदा नळी नको. दोन्ही हातांनी मास्क धर, म्हणावं. दोन्ही हातांनी!’’

‘‘सरी अक्का, जातो,’’ म्हणत तो खुर्ची पाडून पळाला.

‘‘काय झालं?’’ श्वेता उठून उभी राहिली. ‘‘डॉक्टर, माझ्या बाळाला काही झालं का?’’

‘‘नाही. वेदांत छान आहे. तुम्ही बसा.’’ स्वतःचा आवाज तिला परका वाटला. श्वेता बसली नाही. ती काचेला नाक लावून उभी राहिली आणि पुटपुटायला लागली. देवाचं काहीतरी होतं. ढबढब आवाजात शब्द कळत नव्हते.

टिक. टिक. टिक. आता सूर इतका खाली गेला होता की तो तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकला होता. ठोक्यांमधलं अंतरही वाढलं. हे त्याहून वाईट. एक डोळा वेदांतच्या पडद्यावर, एक कान फोनला, आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, तिचंच, आठवड्यापूर्वीचं. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? त्या पोरीनं आज तोंडाकडे बघितलंच नव्हतं. सांगितल्याप्रमाणे रॅकवर बघितलं होतं. मरणारा माणूस मुग्धाच्या हातून मरणार होता, पण मारणार होती सुचेता. तिनं आप्पाजींची मुलगी आठवायची नाही असं ठरवलं आणि तीच आठवली.

‘‘मास्क,’’ ती रिसीव्हरमध्ये म्हणत राहिली. ‘‘मुग्धा, बाळा, मास्क. दोन्ही हात. मास्क.’’ तिला रडू येत होतं आणि रडायला सवड नव्हती.

टिक.

बऱ्याच वेळानं, टिक.

आणि मग पुढचा ठोका आधीच्यापेक्षा किंचित वर लागला. तिचा विश्वास बसेना. त्याच्या पुढचा तेवढाच. त्याच्या पुढचा आणखी वर. फोनमधून कुणाचा तरी सुस्कारा ऐकू आला. ठोके जवळ जवळ आले. सूर एकेक पायरी चढत चढत नेहमीच्या उंचीला जाऊन थांबला. मग कुणीतरी फोनजवळ आलं आणि न विचारता रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.

सुचेतानं नजर पुन्हा वेदांतच्या पडद्यावर आणली. कानाला लावलेला हात तिला खाली घेता येईना.

थोड्या वेळानं महांतेश धापा टाकत परत आला. लिफ्ट अडकली होती, जिन्यानं गेला तर लाल पट्ट्यापाशी कुणी आत घेईना, श्रीरंग सरांच्या हातात मूल होतं. त्याचा निरोप कुणालाच पोचला नव्हता. ‘‘पण आतून म्हणाले, आता ओके आहे,’’ तो म्हणाला.

वेदांतचं यंत्र थांबलं, त्याला बाहेर काढलं. तो डोळे उघडून ‘‘आई’’ म्हणेपर्यंत ती त्याच्या उशाशी बसून राहिली. मग त्याला आईच्या मांडीवर दिलं, वॉर्डाची नर्स आली, आणि मगच सुचेता उठली. जिन्यानं वर गेली. लाल पट्ट्याशी बूट काढले. रॅक रिकामा होता. ती अनवाणीच आत शिरली.

ऑपरेशन चाललं होतं. सर्जन काहीतरी विनोद सांगत होते. टेबलाच्या डोक्याशी मुग्धा उभी होती, कपाळावरचे केस घामानं चिकटलेले. आप्पाजींच्या तोंडाबाहेर एका नळीचं टोक दिसत होतं. ती घशात वरच्यावर बसणारी, सोपी नळी. शहाण्या माणसानं हट्ट सोडल्यावर वापरायची. मास्क घट्ट बसावा म्हणून दाढीला व्हॅसलीन चोपडलेलं होतं. ऑक्सिजनचा आकडा नव्याण्णव. सुचेतानं आप्पाजींच्या पापण्या उचलून बाहुल्या बघितल्या, छाती ऐकली. सगळं ठीक होतं.

‘‘मॅडम,’’ मुग्धा हळूच म्हणाली, ‘‘थँक यू.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘तुम्ही आत आला नाहीत म्हणून.’’ मास्कच्या वर तिचे डोळे चमकत होते. ‘‘दोनदा ट्राय केलं, काहीच दिसेना. सॅच्युरेशन पंचावन्नला गेलं. मी तिसऱ्यांदा ब्लेड उचललं होतं मॅडम, खरंच उचललं होतं. मग म्हटलं, हे चुकलं तर मॅडम काच वाजवतील. म्हणून खिडकीकडे बघितलं आणि ब्लेड खाली ठेवलं. दोन्ही हातांनी मास्क धरला, अनुसूया सिस्टरला हवेची बॅग दाबायला सांगितली. तुम्ही काच वाजवली नाहीत. म्हणजे बरोबर चाललंय. मग माझे हात थरथरायचे थांबले. तुम्ही तिथे नसतात ना, तर मी आज...’’

सुचेताच्या घशाशी ‘‘शाबास’’ आलं होतं. तेवढाच एक शब्द बोलला की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. पोरीला आज जे मिळालं ते जन्मभर पुरलं असतं, आणि सुचेताची लाजही झाकली गेली असती. ट्रॉलीवर मुग्धाची नोंदवही उघडी होती. प्रत्येक केसपुढे देखरेख कशी होती ते लिहायचा रकाना असतो. मुग्धानं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘प्रत्यक्ष’. खाली सहीची जागा मोकळी होती.

तिनं पेन उचललं. पण उद्याही हीच पोरगी रॅक बघून सुरू करणार. परवा तिच्या हाताखालची पोरं करणार. आणि एक दिवस खिडकीवर विसंबून कुणीतरी ब्लेड खाली ठेवणार नाही.

‘‘मुग्धा, मी नव्हते.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मी खाली एमआरआयला होते. माझ्या चपला त्या मुलाच्या आईच्या पायात होत्या. तुला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. फोनवर सगळं ऐकत होते, पण येऊ शकत नव्हते.’’

मुग्धानं मान वळवून दारातल्या गोल काचेकडे बघितलं.

‘‘मग तिथे कोण होतं?’’

‘‘कुणी नव्हतं.’’

तेव्हा कुठे मुग्धाला भीतीनं गाठलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. सुचेतानं पायानं स्टूल ओढलं आणि तिला धरून बसवलं. ‘‘बस. पेशंट माझ्याकडे आहे,’’ ती म्हणाली. पोरगी तोंडावरचा मास्क न काढता रडली. सर्जनचा विनोद मध्येच थांबला. सुचेतानं नोंदवहीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द खोडला, त्यावर ‘देखरेख नव्हती’ असं लिहिलं आणि खाली सही केली. आता हे विभागप्रमुखांना सांगायचं होतं, आप्पाजींच्या मुलीलाही सांगायचं होतं. ते कसं सांगायचं, हे तिला अजून सुचत नव्हतं.

दुपारी दीडला तिसरी केस आत आली. श्वेतानं परत पाठवलेल्या निळ्या चपला रॅकवर होत्या. सुचेता अनवाणीच टेबलाशी उभी होती, मुग्धाच्या उजव्या हाताला. मुग्धानं औषधाची सिरिंज हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

‘‘मॅडम?’’

‘‘आहे.’’

मुग्धानं सिरिंज पेशंटच्या हातातल्या सलाइनच्या सुईला लावली. मग थांबली. डाव्या हातानं तिनं सुचेताच्या बाहीची कड चिमटीत पकडली, कापड खरंच हाताला लागतंय का ते बघितलं, आणि मगच औषध सोडलं.